समोर नागपूर, मागे आई

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन यवतमाळलाही झालं असतं, पण मी तिला हैदराबादला माझ्याकडे आणलं. घरी राहिली असती तर डोळ्यावरची पट्टी निघायच्या आत ती वावरात गेली असती. सोयाबीन काढायचे दिवस जवळ आले होते आणि बाबा नि भाऊ तिला नको म्हणाले असते तरी तिने ऐकलं नसतं. माझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वावर नव्हतं, त्यामुळे ती काळा चष्मा लावून गॅलरीत बसायची आणि शेजारच्या तेलुगू बाईंशी हिंदीत बोलायची. दोघींचंही हिंदी आपापल्या वळणाचं होतं, पण तासन्‌तास गप्पा चालायच्या.

डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटल्यावर परतीचा विषय निघाला. आईच्या दृष्टीने त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचं, आदिलाबाद मागे पडलं की पैनगंगा लागते, नदी ओलांडली की आपला जिल्हा. पांढरकवड्याला उतरायचं, तिथून घाटंजी कितीसं. मी म्हटलं, आपण विमानाने नागपूरला जाऊ आणि तिथून गाडी करून घाटंजीला येऊ.

तिने हातानेच हवेत रस्ता काढून पाहिला.

"म्हंजे आपल्या घरावरून समोर जाचं, आन् मंग वापस याचं?" ती म्हणाली. "ह्याले काई अर्थ हाय का?"

तसा नव्हताच. धुळीचं कारण मी पुढे केलं, डोळ्याला धक्का लागण्याचंही केलं. खरं कारण माझ्या नोकरीत होतं, आणि ते मी तिला नंतर सांगितलं.

मी विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. यवतमाळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले, परीक्षा दिली, निवड झाली. घाटंजीत अजूनही अर्ध्या लोकांना वाटतं की मी विमानात चहा देते आणि उरलेल्यांना वाटतं की मी विमान चालवते. मी करते ते काम असं : अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं, पडद्यावर सरकणारे ठिपके पाहायचे आणि कानाला लावलेल्या हेडसेटमधून प्रत्येक ठिपक्याला सांगायचं की इतका खाली ये, इकडे वळ, थोडा हळू चाल. ठिपक्यातून एक आवाज येतो आणि मी सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो. त्या आवाजाला चेहरा नसतो. विमानाच्या पोटात बसून मी पुष्कळदा प्रवास केला होता, पण ज्यांना मी रोज वळायला सांगते त्यांना त्या क्षणी काचेतून काय दिसतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे त्यासाठी सोय असते. परवानगी काढून कंट्रोलर कॉकपिटमध्ये बसून एखादा प्रवास करू शकतो. दोन्ही वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिला जंपसीट म्हणतात. माझी परवानगी बरेच दिवस पडून होती. नागपूरच्या विमानात जंपसीट मिळत होती आणि आईलाही पोहोचवायचं होतं, म्हणून मी दोन्ही एकत्र केलं. आई मागे प्रवाशांत बसणार आणि मी पुढे.

हे कळल्यावर आईचा विरोध मावळला. "तुह्या कामाचं हाय तं मंग चाल," एवढंच ती म्हणाली. मुलीच्या सुखासाठी विमानात बसणं तिला फिजूल वाटत होतं, कामासाठी बसणं पटत होतं.

ऑक्टोबरातली दुपार होती. परतीचा पाऊस अजून पुरता गेला नव्हता आणि सकाळपासून उकडत होतं. हवामानाचा अंदाज मी निघण्यापूर्वी पाहिला होता. नागपूरला संध्याकाळी गडगडाटी पावसाची शक्यता लिहिली होती. अशी शक्यता ऑक्टोबरात रोजच लिहिलेली असते.

आईला मी खिडकीजवळची जागा घेतली होती. तिचा पट्टा लावून दिला, कसा सोडायचा ते दाखवलं. हवाई सुंदरीला सांगितलं की हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पहिल्यांदा बसतेय, जरा लक्ष असू द्या. आईने पिशवीतून आवळासुपारीची डबी काढून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, तू जा आता, तुझं काम कर. मी कॉकपिटमध्ये गेले. मागे दार बंद झालं आणि त्याचं कुलूप लागल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत ते दार मी बाहेरून पाहिलं होतं. आतून पाहताना पहिल्यांदा लक्षात आलं की आता उतरेपर्यंत आई आणि माझ्यात हे राहणार.

कॅप्टन पन्नाशी ओलांडलेले होते. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज बसका. त्यांच्या उजवीकडे को-पायलट होती, माझ्याहून लहान, केस घट्ट बांधलेली. जाताना विमान तिने चालवायचं होतं आणि कॅप्टननी रेडिओ सांभाळायचा होता. मला त्यांनी खांद्यावरून येणारे पट्टे कसे लावायचे ते दाखवलं, हेडसेट दिला, आणि एकच नियम सांगितला : दहा हजार फुटांच्या खाली असताना कामाशिवाय कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलायचं नाही, पण आम्हाला दिसलं नाही असं काही तुम्हाला दिसलं तर जरूर बोला. कॅप्टननी मी काय काम करते ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे रोज आम्हाला डावीउजवीकडे पळवणाऱ्या तुम्हीच. को-पायलट हसली. मागे माझी आई बसली आहे हेही मी सांगितलं. कॅप्टननी मान डोलावली.

उड्डाण साधं झालं. विमान वर गेलं, ढगांच्या बाहेर आलं आणि सगळीकडे ऊन पसरलं. हैदराबाद ते नागपूर म्हणजे जेमतेम तासाभराचा प्रवास, त्यातही वर चढणं आणि खाली उतरणं यातच बराचसा जातो. कॉफी आली. को-पायलटने मला तिच्यासमोरच्या पडद्यावरचा हवामानाचा रडार दाखवला. पाऊस कमी असेल तिथे हिरवा, वाढला की पिवळा, जिथे जायचंच नाही तिथे लाल. समोर बराच दूर, नागपूरच्या अंगाला, लाल डाग होता. पाहता पाहता त्याच्या शेजारी दुसरा उगवला.

आमच्या पडद्यावर ढग इतका स्पष्ट दिसत नाही. आम्हाला दिसतं ते एवढंच की एक ठिपका सरळ जायचं सोडून वाकडा चालला आहे, आणि त्याचा वैमानिक सांगतो, हवामानामुळे वळतोय. इथे ढग काचेतच होता. खालून काळा, वरती पांढरा, माथा चपटा होऊन एका बाजूला पसरलेला. आत अधूनमधून दिवा लागल्यासारखं व्हायचं.

नागपूरच्या कंट्रोलरचा आवाज आला. तो माझा ओळखीचा निघाला, आम्ही एकत्रच प्रशिक्षण घेतलं होतं. त्याने सांगितलं की पाऊस विमानतळाच्या अगदी डोक्यावर आहे, तुमच्या आधीची दोन विमानं थांबली आहेत, तुम्हीही थांबा. हवेत थांबायचं म्हणजे एका ठिकाणावर लांबट गोल फेऱ्या मारत राहायचं. कॅप्टननी रडारकडे पाहून पश्चिमेला थोडं सरकून थांबायची परवानगी मागितली, तिकडे आभाळ मोकळं होतं. परवानगी मिळाली. ओळखीचा तो कंट्रोलर नेहमीपेक्षा जास्त सावकाश आणि जास्त अदबीने बोलत होता. त्यावरून मला कळलं की त्याच्यावर कामाचा ताण आहे. आम्ही सगळे तसंच करतो.

अशा रीतीने आम्ही माझ्याच जिल्ह्यावर फेऱ्या मारायला लागलो. उंची दहा हजारांच्या वर होती, बोलायला मुभा होती. उजवीकडे वळण घेतलं की को-पायलटच्या खिडकीतून जमीन वर यायची. पूर्वेला राजूर-वणीच्या कोळसाखाणी दिसल्या, कोणी वावरात मोठ्या चमच्याने खरवडून काढल्यासारख्या, आणि त्यांच्या तळाशी साचलेलं हिरवट पाणी. मग हायवे, मग टिपेश्वरचं जंगल, गडद आणि कडा फाटलेलं. त्याच्या पलीकडे वाघाडी नदीचं वळण आणि त्या वळणात घाटंजी. मी बोट दाखवून म्हटलं की ते माझं गाव. कॅप्टननी वाकून पाहिलं आणि विचारलं, तिथे काय पिकतं? मी म्हटलं, कापूस, सोयाबीन, तूर.

खाली जमिनीचे तुकडे दिसत होते. हिरवे होते ते कापसाचे आणि तुरीचे, तपकिरी होते ते सोयाबीन काढून झालेले. कुठलं आमचं ते ओळखणं शक्य नव्हतं, पण त्या तपकिरी तुकड्यांत आमची गंजी लागलेली असणार हे मला माहीत होतं. सोयाबीन कापून वावरातच ढीग घातलेला, मळणीयंत्राची वाट पाहत. मागे आईच्या खिडकीतूनही हेच दिसत असेल का, असा विचार आला. तिला सांगायला हवं होतं की खाली बघ. मध्ये दार होतं.

आम्ही किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. इंधनाचा हिशोब को-पायलट दर फेरीला करत होती आणि कॅप्टनना सांगत होती. दोघांचं बोलणं एकसुरी होतं, किराणा दुकानात एकाने वाचावं आणि दुसऱ्याने माल काढावा तसं. शेवटी नागपूरहून निरोप आला की पाऊस विमानतळावरून पूर्वेला सरकतो आहे, धावपट्टी दिसते आहे, पण वारा जोरात आहे आणि तो धावपट्टीला आडवा आहे. मधूनच झोत येताहेत.

कॅप्टननी आकडे ऐकले. मग को-पायलटला म्हणाले की एवढ्या वाऱ्यात उतरवणं तुझ्या मर्यादेबाहेर आहे, मी घेतो. "आय हॅव कंट्रोल." ती म्हणाली, "यू हॅव कंट्रोल," आणि हात मांडीवर घेतले. लगेच रेडिओ तिच्याकडे आला. एवढ्याने विमान एकाचं दुसऱ्याचं झालं. कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

आम्ही खाली यायला लागलो. दहा हजार फूट आले आणि माझंही तोंड बंद झालं.

ढगांत शिरल्याबरोबर काचेवर पाणी आपटायला लागलं. पाऊस पडल्यासारखं नाही, कोणीतरी रेती फेकल्यासारखं. विमान हलत होतं हे म्हणणं पुरेसं नाही. ते खाली बसायचं, थांबायचं, पुन्हा बसायचं, आणि मध्येच एका बाजूला ढकललं जायचं. पट्ट्यांमध्ये माझे खांदे कचकन अडकत होते. मागे बसल्यावर असे धक्के आपल्याला वाईट लागतात, कारण पुढचा केव्हा येणार ते कळत नाही. पुढे बसूनही कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. कॅप्टनचा डावा हात सतत बारीक हलत होता, उजवा इंजिनांच्या दांड्यांवर. को-पायलट उंची आणि वेग म्हणत होती.

ढगाच्या खालून बाहेर आलो तेव्हा धावपट्टी दिसली. पण ती समोर नव्हती. मी समोरच्या काचेत शोधत होते आणि ती उजवीकडे, को-पायलटच्या काचेत होती. वारा डावीकडून येत होता, म्हणून विमानाचं नाक डावीकडे वाऱ्यात खुपसलेलं होतं आणि आम्ही तिरके, खेकड्यासारखे धावपट्टीकडे चाललो होतो. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली होती. डोळ्यांना ती पटत नव्हती. आपलं तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, आणि दोघेही त्यात काही वावगं नसल्यासारखे बसलेले.

धावपट्टीचे दिवे मोठे झाले. रस्ते, गाड्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसायला लागल्या. आता झालंच, असं वाटत असताना विमान एकदम हलकं झालं. वेगाचा आकडा झपाट्याने उतरला आणि कॉकपिटमध्ये एक यांत्रिक आवाज मोठ्याने म्हणाला, "विंडशियर," म्हणजे वारा एकाएकी पालटला. लगेच पुन्हा. आणि पुन्हा.

कॅप्टननी "गो अराउंड", म्हणजे उतरायचं सोडून वर चला, असं म्हटलं ते त्या आवाजावर आवाज न चढवता. दांड्या पुढे गेल्या, इंजिनं ओरडली आणि मी खुर्चीत मागे रुतले. काही क्षण विमान वर जात नव्हतं. आवाज होता, जोर होता, आणि बाहेरच्या पाण्याच्या टाक्या तिथल्या तिथे होत्या. मग टाक्या खाली गेल्या, काचेत पुन्हा करडं आभाळ आलं.

माझे हात मांडीखाली होते. केव्हा घातले ते मला ठाऊक नाही. माझ्या कामात असा प्रसंग आला की मला काहीतरी करायचं असतं : दुसऱ्या विमानाला बाजूला काढायचं, उंची द्यायची, टॉवरला कळवायचं. भीती वाटायला फुरसत नसते. इथे मला करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ती आली. आणि ती मागच्या दारातून आली. मला वाटलं, आईला हा आवाज कसा वाटला असेल. विमान खाली जाता जाता एकाएकी वर का गेलं हे तिला कोण सांगणार? तिने पट्टा सोडून उठायचा प्रयत्न केला तर? डोळ्याला धक्का बसला तर? मी मान वळवून दाराकडे पाहिलं. करडं, साधं दार.

नागपूरच्या माझ्या मित्राने आम्हाला डावीकडे वळवलं, उंची दिली. को-पायलटने ती परत म्हणून दाखवली. तिचा आवाज किंचित वर गेला होता, दुसऱ्या वाक्यात तो जागेवर आला. कॅप्टननी तिला इंधन विचारलं. अजून एक प्रयत्न करता येईल, नाही जमलं तर हैदराबादला परत. मग त्यांनी प्रवाशांसाठीचा माईक घेतला आणि हिंदीत सांगितलं की जमिनीजवळ हवा चांगली नव्हती म्हणून आपण वर आलो आहोत, असं करणं नेहमीचंच आहे, पुन्हा उतरायचा प्रयत्न करू. माईक ठेवला आणि माझ्याकडे न वळता म्हणाले, "आता आईला कळलं असेल."

दहा हजार फुटांच्या खाली त्यांनी मोडलेला तो एकच नियम.

दुसऱ्या वेळी पाऊस थांबला होता, वारा होता. पुन्हा तिरकं नाक, पुन्हा उजव्या काचेतली धावपट्टी. या वेळी मी शोधलं नाही, सरळ तिकडेच पाहिलं. को-पायलट वाऱ्याचे आकडे म्हणत होती, ते थोडे उतरले होते. कॅप्टनच्या कानामागून घामाची एक रेघ कॉलरपर्यंत गेलेली मला दिसत होती. दिवे आले, पांढरे पट्टे आले, ओली धावपट्टी खालून वर आली. अगदी शेवटी, चाकं टेकायच्या जरा आधी, कॅप्टनच्या पायाने काहीतरी केलं आणि नाक उजवीकडे फिरून समोर आलं. डावा पंख खाली होता. आधी डावं चाक टेकलं, दणकून, मग उजवं, मग पुढचं. दोन्ही बाजूंनी पाणी उडालं. इंजिनांचा जोर उलटा झाला, आम्ही पट्ट्यांवर पुढे झुकलो आणि वेग कमी होत गेला. धावपट्टीबाहेर वळल्यावर को-पायलटने पहिल्यांदा लांब श्वास सोडला. कॅप्टननी चष्मा डोळ्यांवर लावला आणि पुढच्या कामांची यादी वाचायला सांगितली.

इंजिनं बंद झाल्यावर मी आभार मानले.  मी म्हटलं, मला वाटलं होतं तुम्हाला खूप दिसत असेल. कॅप्टन म्हणाले, "दिसतं थोडंच. बाकी तुम्ही सांगता."

दार उघडून मी मागे गेले. माणसं उभी राहून वरच्या कप्प्यांतून सामान काढत होती, मोठ्याने बोलत होती. मी आईच्या ओळीपर्यंत आले तेव्हा बोलणं थांबलं. आसपासच्या तीनचार ओळींतले लोक माझ्याकडे पाहत होते. आईच्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, पांढरा शर्ट घामाने चिकटलेला. ते उठले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुमचे लय उपकार झाले."

मला कळेना. मी म्हटलं, अहो मी काही केलं नाही, विमान कॅप्टननी उतरवलं. ते मान हलवत राहिले. मागच्या ओळीतल्या एक बाई म्हणाल्या, बेटी, भगवान तुम्हें खुश रखे. आई काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत होती. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर तिने माझा हात दाबला.

गाडीत बसल्यावर तिने सगळं सांगितलं. ते गृहस्थ राजूरचे, कोळशाच्या ट्रकांचे ठेकेदार. विमान हलायला लागलं तशी त्यांची अवस्था वाईट झाली. खुर्चीचा हात समजून त्यांनी आईचं मनगट धरलं आणि सोडेचनात. विमान एकदम वर गेलं तेव्हा ते रडायला लागले. बाकीचेही घाबरले होते, एक लेकरू ओरडत होतं.

"मंग मी त्यायले म्हटलं, भाऊ, माही पोरगी समोर बसली हाय. थे कायले पडू देते?"

"आई, मी नुसती बसले होते."

"थे मले माहीत हाय," आई म्हणाली. "त्यायले कायले सांगाचं?"

तिच्या त्या एका वाक्याने ओळीतले लोक शांत झाले म्हणे. कोणीतरी विचारलं, मुलगी काय करते? आईने सांगितलं, सगळी विमानं तिच्याच सांगण्यावर चालतात. हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी ते खोडून काढलं नाही. ठेकेदारांना तिने आवळासुपारी दिली. पुढे त्यांनी तिच्या डोळ्याची चौकशी केली आणि त्याआधी, फेऱ्या मारताना खाली राजूरच्या खाणी दिसल्या तेव्हा, आपले ट्रक कुठे उभे राहतात ते बोटाने दाखवलं होतं, हेही आईने सांगितलं. म्हणजे आईने खाली पाहिलं होतं. घाटंजी मात्र तिच्या बाजूला आलं नाही.

नागपूर सोडलं तेव्हा अंधार पडला नव्हता. रस्ता ओला होता, ठिकठिकाणी फांद्या पडलेल्या. ड्रायव्हर म्हणाला की तासाभरापूर्वी इथे काही दिसत नव्हतं. आईने भावाला फोन लावून विचारलं की गंजी झाकली का. तो म्हणाला, ताडपत्री टाकली आहे, पण इकडे थेंबही नाही, नुसतं आभाळ वाजलं. फोन ठेवल्यावर ती मोकळी झाली. विमान हलत होतं तेव्हा तिच्या डोक्यात ती गंजीच होती, असं ती म्हणाली. हिंगणघाट मागे गेलं. मी विचारलं, खरंच भीती वाटली नाही का?



"लागलं ना भेव. पण माह्यासाठी नाई," ती म्हणाली. "मांगं काईच दिसत नव्हतं. तुले तं समोरचं सगळं दिसून राह्यलं असंन. म्हून तुह्यासाठी लागलं."

 पुढे बसून मी दाराकडे वळून पाहत होते आणि मागे बसून ती त्याच दाराकडे पाहत होती, हे मला तिला सांगता आलं असतं. तिने चष्मा काढला, पदराने डोळ्याभोवतीचा घाम टिपला आणि पुन्हा लावला. मी म्हटलं, डोळा दुखतो का? ती म्हणाली, नाही, चांगलं दिसतं. वडकीला आम्ही चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी घरी माणसं आली ती डोळा पाहायला, पण गोष्ट विमानाची ऐकून गेली. मी आत भाकरी करत होते. बाहेर आई सांगत होती आणि दर वेळी विमान आदल्या वेळेपेक्षा जरा जास्त हलत होतं. बाबांनी आत येऊन मला हळूच विचारलं की खरं किती होतं. मी म्हटलं, ती सांगते त्याहून थोडं कमी. ते बरं म्हणाले आणि बाहेर जाऊन पुन्हा ऐकत बसले.

मी बसने हैदराबादला परतले आणि कामाला लागले. काम तेच होतं. पण एक गोष्ट बदलली. आम्ही एखाद्या विमानाला काही सांगितलं आणि उत्तर आलं नाही, की दोनतीन सेकंदांत पुन्हा हाक मारायची सवय लागलेली असते. वैमानिकाने नुसतं "स्टँडबाय" म्हटलं, म्हणजे थांबा, तरी पूर्वी मला राग यायचा. इकडे पाच विमानं रांगेत आहेत आणि हा थांबा म्हणतो.

त्याच महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी हैदराबादेत वादळ आलं. एक विमान उतरता उतरता वर गेलं. मी त्याला उंची दिली, दिशा दिली. उत्तर आलं नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे पाहायला लागला, त्याने खुणेने विचारलं की पुन्हा हाक मारत का नाहीस. पडद्यावर त्या ठिपक्याची उंची वाढत होती, दिशाही मी दिली तिकडेच होती. मी हेडसेटवर हात ठेवला आणि थांबले. तिथे आत्ता दोघं काय करत असतील ते मला दिसत होतं : एकाचे हात दांड्यांवर, दुसरा आकडे म्हणतोय, आणि कदाचित आवाज जागेवर यायला एक वाक्य लागतंय.

मग एका बाईचा आवाज आला. तिने उंची आणि दिशा दोन्ही बरोबर परत म्हणून दाखवली. मी तिला पुढचं वळण दिलं.